नवतप्यातल्या चाळीस मुठी

बाबांच्या उजव्या डोळ्यात भट्टीची ठिणगी गेली तेव्हा मी तिसरीत होते. डोळा गेला आणि त्याच्यामागे घण उचलायची हिंमतही गेली. जुन्या शहरातल्या आपल्या बोळात रोज सकाळी भात्याचा आवाज यायचा, तो थांबला. आई दालमिलमध्ये जायला लागली. संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या पापण्यांवर तुरीचा पिवळा भुसा बसलेला असायचा. ज्वारीची भाकर असायची. भाकरीबरोबर काय, हे रोज नव्याने ठरायचं. मिरची-मीठ पाट्यावर वाटून, वर पाणी ओतून, आपण त्याला कालवण म्हणत होतो.

आणि तू होतीस, आत्या. मूल होत नाही म्हणून बार्शीटाकळीच्या सासरहून तुला परत पाठवलं होतं. भावाच्या घरात तू कमी जागा घेऊन बसायचीस, कमी जेवायचीस, कमी बोलायचीस. भट्टी थंड झाल्यावर आठ-दहा दिवसांनी तू शेजारणीच्या घरून एक सुरी मागून आणलीस. तिची मूठ गळून पडली होती.

बाबा खाटेवरून म्हणाले, "काय करून राह्यली व तू?"

"लोखंड ठोकता येत नाही मले," तू म्हणालीस. "मूठ तं बसवता येते. लहानपणापासून पाहून राह्यली तुमच्या घरचं."

तुमच्या घरचं, म्हणालीस. तुझंच माहेर, तरी तुमच्या घरचं. ते मला तेव्हा कळलं नाही. आता तेरा दिवस झाले, तेच वाक्य डोक्यात फिरतंय.

काल तुझी तेरवी झाली. मी थकले आहे, आत्या. येणाऱ्या प्रत्येकाला तीच गोष्ट सांगून थकले. कसं झालं, कधी झालं, दम लागत होता काय, डॉक्टर काय म्हणाले. सांगून सांगून ती गोष्ट दुसऱ्याच कोणाची वाटायला लागली आहे. म्हणून आज ते काही सांगत नाही. तुला तर माहीतच आहे. आज ज्याचं बोलायचं राहिलं, त्याचं बोलते. मुठींचं.

आपल्या घरात एकच चूल होती. तिच्यावर आधी मुठी बसवायची तुझी राळ चढायची आणि ती उतरली की मग डाळ. राळेचा वास वरणाला लागायचा. मला वाटायचं, वरणाचा वास असाच असतो. कॉलेजात मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा जेवले तेव्हा वाटलं, यांच्या वरणात काहीतरी टाकायचं राहिलंय.

तुझी कृती मला पाठ आहे. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली राळ, तिच्या निम्मी विटेची कपडछान पूड, आणि बोराएवढं मेण. नुसती राळ काचेसारखी फुटते म्हणून मेण. मेण जास्त झालं तर उन्हात ढिली पडते म्हणून वीट. लोखंडी पळीत मंद आचेवर सगळं एकजीव करायचं. उकळी येऊ द्यायची नाही. उकळली की राळ जळाली समजायचं. पात्याची जी निमुळती शेपटी मुठीत जाते ती आधी विटेच्या तुकड्यावर खसाखसा घासायची, राखेनं पुसायची, आणि मग तिला बोट लावायचं नाही. मी एकदा लावलं होतं. तू माझ्या हातावर चापट मारलीस.

"घामट बोट लावलं तिले. आता धरन काय थे?"

मग शेपटी तापवायची, मुठीच्या भोकात पातळ राळ ओतायची आणि पातं सरळ रेषेत आत ढकलायचं. धूर निघायचा. तो तुझ्या नाकातोंडात जायचा. तू तोंड फिरवत नसायचीस, कारण तोंड फिरवलं की पातं वाकडं बसतं. थंड होईपर्यंत तू ते नुसतं धरून बसायचीस. दाबत नव्हतीस. मी विचारलं होतं, जोरात दाबत काहून नाही? तू म्हणालीस, "दाबली तं राळ बाहीर येते. मंग आत राहीन काय, तुह्या आजोबाचं नाव?"

बार्शीटाकळीच्या आठवडी बाजारात तू शेगडी घेऊन बसायला लागलीस. ज्या गावानं परत पाठवलं त्याच गावात. मला वाटतं ते तू मुद्दामच केलंस. माळिणी भाजीच्या सुऱ्या आणायच्या, हॉटेलवाले मोठे चाकू आणायचे. तुझी सासू एकदा विळी घेऊन आली होती म्हणतात. तू विळी नीट करून दिलीस आणि म्हणालीस, "घ्या मामी. आता हालत नाही." दुसरं अक्षर नाही. तिथून तुझं नाव पडलं, मुठीवाली बाई. पंचक्रोशीत म्हणायचे, मुठीवालीची मूठ पातं झिजलं तरी सुटत नाही. तेवढंच तुझं होतं. घर भावाचं, चूल वहिनीची, गाव नवऱ्याचं. नाव तेवढं तुझं.

त्याच शेगडीवर मी शिकले. आपल्या घरात कॉलेजचं दार पाहिलेली मी पहिली, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. अमरावतीला होस्टेलवर जाताना तू मला बाभळीच्या मुठीची एक लहान सुरी दिलीस, कांदे चिरायला. तिसऱ्याच दिवशी वॉर्डन मॅडमनी ती जप्त केली. मी फोनवर रडले, तर तू दुसऱ्या दिवशी एसटीने अमरावतीत हजर.

"मॅडम, हे कांदे कापाची सुरी आहे. माणसं कापाची वेगळी येते, थे आमी बनवत नाही."

मॅडम हसल्या, पण सुरी काही दिली नाही. तू जाताना त्यांच्या टेबलावरची पत्रं फोडायची सुरी हातात घेतलीस, हलवून पाहिलीस आणि ठेवून दिलीस. "हालते," म्हणालीस. पुढच्या खेपेला तिची मूठ बसवून दिलीस तेव्हा कुठे माझी सुरी परत मिळाली.

दुसऱ्या वर्षी मी पॉलिमर शिकले. घरी आले ती तावातावातच. तुला सांगितलं की इंग्रजीत ज्याला रेझिन म्हणतात ती म्हणजे राळच, आणि आता कारखान्यात तयार केलेली रेझिन येते, दोन नळ्यांत, एपॉक्सी म्हणतात. तू ऐकून घेतलंस, पळी खाली ठेवलीस.

"मंग एवढ्या दूर कायले गेली व? राळ तं घरीच होती."

बाबा खाटेवर हसले. डोळा गेल्यापासून ते असे हसलेले मी पाहिले नव्हते.

बी.एस्सी. झाल्यावर मी नोकरीसाठी अर्ज केले, काही ठिकाणी जाऊनही आले. मग ठरवलं, हेच करायचं. पाती बाबा बसून ग्राइंडरवर घडवतील, एका डोळ्याने का होईना. मुठी आपण दोघी. तिवश्याचे वसंतभाऊ, संत्र्याची रोपवाटिका आहे त्यांची, त्यांना कलमाचे डोळे भरायचे चाळीस चाकू हवे होते. खुंटाच्या सालीत खाप घेऊन त्यात डोळा बसवायचा, म्हणजे हातात चाकू स्थिर पाहिजे. मूठ जरा जरी हलली तरी खाप तिरपी जाते आणि डोळा मरतो. मी म्हणाले, हे काम एपॉक्सीचं. तू म्हणालीस, राळेचं.

"राळ उन्हात सुटते, आत्या."

"सुटते म्हणूनच चांगली. तापवली की मूठ निघते. पातं बापाचं असते अन् मूठ लेकाची. लाकूड झिजलं तं दुसरं टाकता आलं पाह्यजे. तुह्या थ्या नळीतलं उघडता येते काय?"

"खूप तापवलं तर येते."

"लाकूड जळल्यावर?"

हे भांडण आपलं कधी संपलंच नाही. तू बरोबर होतीस, मीही बरोबर होते, आणि दोघींनाही ते ऐकायचं नव्हतं.

शेवटी माझंच चाललं. शिकलेली होते ना. दसऱ्याला तू ती चाळीस पाती पाटावर मांडलीस, हळदकुंकू वाहिलं, आपल्या लोहाराच्या घरच्या रितीप्रमाणे प्रत्येकाला गोडेतेलाचं बोट लावलंस. मी कपाळाला हात लावला. गोंद लावायच्या वस्तूला तेल! पण तुला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सगळी पाती सोड्याच्या गरम पाण्यात धुतली, मग स्पिरिटने पुसली. पाण्याचा थेंब टाकून पाहिला, तो सगळीकडे सारखा पसरला. तेलाचा अंश राहिला नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं, आत्या. पक्कं माहीत होतं.

चूक मी पुढे केली. पाती छान दिसावीत म्हणून शेपट्याही पॉलिश केल्या, आरशासारख्या. ज्या भागाला कोणी पाहणार नाही तो भाग चमकवला. पाच मिनिटांत आळणारी एपॉक्सी आणली, कारण मला घाई होती. आणि एकेक मूठ शिकंज्यात धरून इतकी आवळली की गोंद चारी बाजूंनी बाहेर आला. तो मी कापडाने पुसून घेतला आणि म्हटलं, बघ किती भरपूर लावलाय.

तू उंबऱ्यात उभी राहून बघत होतीस. काहीतरी बोलणार होतीस. मी वर पाहिलं आणि तू आत गेलीस.

हिवाळ्यात डोळे भरायचं काम ऐन भरात असताना वसंतभाऊ पोतडी घेऊन आले. निम्म्याहून जास्त चाकू परत. पातं ओढलं की सोललेल्या लसणासारखं सळकन बाहेर. शेपटीवर गोंदाचा कणही नाही, चकाचक.

वसंतभाऊ चिडलेले होते. "बाई, माह्ये पंचवीस माणसं रिकामे बसून आहेत. काय झालं हे? कोणं केलं?"

मी तोंड उघडलं. मला खरंच वाटतं की मी बोलणार होते. पण तू आधी बोललीस.

"माह्या हातून झालं, भाऊ. दसऱ्याले तेल लावलं म्या पात्याले. तेलावर कोणताच गोंद धरत नाही. पोरीचं काही चुकलं नाही."

मी पोतडीतले चाकू मोजायला लागले.

वसंतभाऊंनी तुझ्याकडे पाहिलं. "मुठीवाली बाई असं करन, वाटलं नव्हतं," म्हणाले. तू त्यांना चहा दिलास, आणि त्या दिवसापासून चार दिवसांत परत आलेले सगळे चाकू राळेत बसवून दिलेस. धुरात. खोकत.

मी गप्प राहिले, एवढंच असतं तर एक वेळ सांगता आलं असतं. पण त्यानंतर मी तेच बोलायला लागले. बचत गटाच्या प्रदर्शनात कोणी विचारलं, तर मी हसून सांगायची, अहो, आमच्या आत्याने पूजा केली ना पात्यांची! लोक हसायचे. घरात वाद झाला की म्हणायची, तुझ्या तेलाने गेलं माझं काम. आणि तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "हो व माय. म्याच लावलं." मला राग यायचा की तू भांडत का नाहीस. आता कळतं, तू भांडली असतीस तर मला खरं बोलावं लागलं असतं. तेवढंही तू माझ्यावर येऊ दिलं नाहीस.

मग उन्हाळा आला. वसंतभाऊंच्या टिनाच्या शेडमध्ये राळ मऊ पडली आणि पाती मुठीत गरगर फिरायला लागली. आता हे तर तुझंच काम होतं. बाजारात बोललं गेलं, मुठीवालीचा हात गेला आता. म्हातारी झाली. बार्शीटाकळीला तुझ्या शेगडीपुढची गर्दी कमी झाली, तू बाजाराच्या दिवशी दुपारीच घरी यायला लागलीस. एकदा म्हणालीस, "आज ऊन लय होतं." तो पौष महिना होता.

त्याच हिवाळ्यात वसंतभाऊंचे चाळीसच्या चाळीस चाकू तू परत मागवून घेतलेस. फोन माझ्याच मोबाईलवरून केलास. "भाऊ, एक डाव अजून दे. या खेपेले दोघी मिळून करतो." राळेतल्या मुठी तापवून तू सगळ्या सहज काढल्यास, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पाह्य. निघाल्या. नळीत असत्या तं लाकडं जाळत बसलो असतो."

माझ्या गोंदातल्या ज्या थोड्या तगल्या होत्या, त्या खरंच जाळूनच काढाव्या लागल्या.

मग तू एक चमकती शेपटी हातात घेतलीस. तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलंस. कानस उचललीस आणि आडव्या-उभ्या रेघा मारायला लागलीस, जाळीसारख्या. दोन्ही कडांना तीन-तीन खाचा पाडल्यास. कानशीच्या आवाजात, जणू शेपटीशीच बोलावं तसं, तू म्हणालीस, "गुळगुळीत लोखंडाले काही धरत नाही. राळ बी नसती धरली."

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून एपॉक्सीचे डबे उघडायला लागले. त्या क्षणी नुसतं "आत्या" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

त्या खेपेचं काम मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. चोवीस तासांत आळणारी, संथ एपॉक्सी. दोन्ही भाग जुन्या फरशीवर सारखे मोजून घेतले. तू डब्यातली विटेची पूड पुढे सरकवलीस. "याच्यातबी टाक." मी म्हणाले, हो, पुस्तकात आहे असं, भर घातली की पोकळी भरते. "पुस्तकात बी आहे?" तू म्हणालीस आणि एकदम खूश झालीस, जशी कोणाची तरी जुनी ओळख निघावी. शिकंजा तू लावू दिला नाहीस. जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्या मुठींवर गुंडाळल्यास, नुसतं धरून ठेवण्यापुरत्या. थंडी होती म्हणून दिवसा सगळे चाकू टिनावर उन्हात ठेवले, कारण गारठ्यात हा गोंद नीट आळत नाही. हे मी सांगितलं आणि तू मानलंस. शेवटी प्रत्येक मुठीतून आरपार पितळेची एक खीळ. ती तुझी.

"गोंद निजला तरी खीळ जागी पाह्यजे."

चाकू गेले. डोळे भरायचं काम झालं, कोणाचा फोन आला नाही. मी म्हणाले, जिंकलो. तू म्हणालीस, "नवतपा जाऊ दे." मे सरतानाचे ते नऊ जाळते दिवस.

पण नवतपा यायच्या आधी तुझा दम वाढला, दवाखान्यात ठेवावं लागलं. इतक्या वर्षांचा धूर. डॉक्टरांनी फोटो दाखवला, मला समजावून सांगितलं, मी मान हलवत राहिले. मला सगळे शब्द समजत होते, शिकलेली होते ना. तुला वाफ द्यायचे, तेव्हा तू तोंड फिरवायची नाहीस. तशीच सवय. नळी नाकाशी धरलेली आणि तू सरळ बसलेली.

रोज एकच प्रश्न. "आला काय एखादा परत?"

"नाही आत्या."

"सगळे टिनाखालीच ठेवत असन ना तो?"

"टिनाखालीच."

"मंग बरोबर आहे. परीक्षा तेच घेते."

नवतपा लागला त्या सकाळी तू मला म्हणालीस, कूलर बाजूला कर, बाहेर किती तापलंय ते मले कळू दे. मी केला नाही. तुझ्याजवळ बसले होते, खोलीत आपण दोघीच होतो, बाबा बाहेर बाकावर होते. मी ठरवून आले होते की आज सांगायचं. तेल नव्हतं, आत्या. पाणी टाकून पाहिलं होतं मी. एवढीच दोन वाक्यं. तू डोळे मिटून होतीस. वाटलं, झोपली आहे, उठली की सांगू. तू उठलीस आणि म्हणालीस, "कोहळ्याची भाजी करशीन काय घरी? गोडसर कर." मी म्हटलं करते. आणि तेवढंच बोलून मी घरी गेले, वाटेत कोहळं घेऊन.

तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. अजून सहा दिवस तापायचे होते.

तेरवीच्या स्वयंपाकाला पुन्हा कोहळंच आलं. मी तुझी सुरी घेतली, घरातली, काळी पडलेली. कोहळ्यात घातली आणि पातं मुठीत फिरलं. तुझी राळ या उन्हाळ्यात तुझ्याच सुरीत मऊ झाली होती. बायका म्हणाल्या, दुसरी घे. मी सुरी घेऊन मागच्या खोलीत गेले. फळीवर एपॉक्सीचे दोन्ही डबे होते आणि खाली तुझी पळी, तळाला राळेचा खडा चिकटलेला. बाबा दाराशी आले. ते म्हणाले, "नळीतलं नको लावू तिले."

मला ते माहीतच होतं. तुझी सुरी उघडता आली पाहिजे. मी पळी चुलीवर ठेवली. पहिल्या वेळी उकळली, जळाली, फेकावी लागली. दुसऱ्या वेळी जमली. शेपटी घासली, राखेनं पुसली, बोट लावलं नाही. धूर आला तेव्हा तोंड फिरवायचं नाही म्हटलं, पण मी फिरवलं, आत्या. पातं जरासं तिरपं बसलंय. राहू दिलं तसंच.

काल पंगती उठल्यावर वसंतभाऊ आले. तिवश्याहून एवढ्या उन्हात मोटरसायकलवर. तुझ्या फोटोपुढे हात जोडले, पाणी प्याले, बसले. अंगणात चार-सहा जण होते, त्यात बार्शीटाकळीच्या बाजारातलेही दोघे. मी उभी राहिले आणि सगळ्यांपुढे बोलले.

"वसंतभाऊ, पहिल्या खेपेला तेलामुळे मुठी सुटल्या नव्हत्या. तेल मी धुवून काढलं होतं. शेपट्या मी गुळगुळीत केल्या, गोंद मी दाबून बाहेर काढला. आत्याने माझं नाव राखायला स्वतःचं दिलं. तिचा हात गेला नव्हता."

वसंतभाऊंनी कपातला चहा संपवला.

"मंग आता याचं काय करू मी, बाई?" ते म्हणाले. "म्हातारी गेली. हे थे असताना बोलाचं होतं."

"हो," मी म्हणाले.

यापेक्षा जास्त काही झालं नाही. मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. बाजारातल्या दोघांपैकी एक जण जाताना दुसऱ्याला म्हणत होता, "मी तं तवाच म्हणलं होतं, मुठीवालीची मूठ सुटूच नाही शकत." त्याने तसं कधीच म्हटलं नव्हतं. पण तो आता बाजारभर तेच सांगणार, आणि मी त्याला अडवणार नाही.

वसंतभाऊ किक मारता मारता थांबले. खिशातून एक चाकू काढून माझ्या हातात दिला. मी मूठ धरली, पातं धरलं, सगळ्या ताकदीनं पिळून पाहिलं. लाकूड टिनाखाली राहून फिकं पडलं होतं. पितळेची खीळ हाताच्या घामानं चमकत होती. मी चाकू त्यांना परत दिला आणि बाकीच्यांचं विचारलं. त्यांनी सांगितलं. ते तुला सांगायचं होतं, म्हणून हे लिहिलं.

नवतपा उलटला, आत्या. चाळीस चाकू तिवश्याला टिनाखाली होते. चाळीसही तिथेच आहेत. एकही मूठ हलली नाही.